जतनाचा इतिहास, टपाल तिकिटांच्या साक्षीने

हीरक महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेची जुनी कपाटे उघडली, तेव्हा चित्रकलेच्या वर्गातील लोखंडी कपाटाच्या तळाशी, खादीच्या बस्त्यात बांधलेला एक जाड संग्रह हाती आला. काळ्या कागदाची पाने, दोन पानांमध्ये बटर पेपर आणि पहिल्या पानावर बोरूने लिहिलेला एकच शब्द : 'जीर्णोद्धार'. अक्षर ओळखायला क्षणही लागला नाही. आमच्या चित्रकलेच्या गुरुजींचे ते अक्षर. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. रिसालीच्या या शाळेत ज्यांनी त्यांच्यापुढे बसून पहिला कमळाचा देठ काढला, त्यांना ते सांगण्याची गरज नाही.

गुरुजी टपाल तिकिटे जमवत, हे सर्वांना ठाऊक होते. पण ती कोणत्या विषयाची जमवत, हे फार थोड्यांना माहीत असेल. पक्षी, आगगाड्या, खेळाडू यांपैकी कशाचाच त्यांना छंद नव्हता. देवळे, लेणी, मूर्ती, भित्तिचित्रे अशा धर्मकलेच्या ज्या कृती काळाच्या तडाख्यात सापडल्या आणि ज्या वाचवण्यासाठी माणसांनी हात पुढे केला, त्यांची तिकिटे आणि प्रथम दिवस आवरणे एवढाच त्यांच्या संग्रहाचा विषय होता. त्या पानांच्या आधाराने हा इतिहास सांगावा, आणि त्यातील एका पानाबद्दलची माझी कबुलीही नोंदवावी, म्हणून हा लेख.

प्रथम थोडी परिभाषा. रोजच्या वापरासाठी वर्षानुवर्षे छापली जातात ती नित्य तिकिटे. एखादी व्यक्ती, घटना वा वर्धापनदिन यांच्या स्मरणार्थ मर्यादित संख्येने निघतात ती स्मारक तिकिटे. तिकीट ज्या दिवशी प्रसिद्ध होते त्याच दिवशी ते खास छापलेल्या पाकिटावर लावून त्यावर त्या दिवसाचा चित्रमय शिक्का मारला जातो. ते प्रथम दिवस आवरण. या शिक्क्याला टपाल खाते 'विरूपण' म्हणते. शब्द कानाला कठोर वाटतो, पण संग्राहकाच्या लेखी हे विरूपणच आवरणाचा प्राण असते. तिकीट सुटे झाले की ते केवळ चित्र उरते. पाकीट, शिक्का आणि तारीख यांच्यासह ते कागदपत्र होते. इतिहासाच्या विद्यार्थिनीला हा भेद फार मोलाचा वाटतो.

संग्रहाचे पहिलेच तिकीट हैदराबाद संस्थानचे आहे. निजामाच्या टपाल खात्याने १९३१ मध्ये चित्रमय तिकिटांची नवी मालिका काढली. तिच्यात चारमिनार होता, उच्च न्यायालय होते, उस्मानसागर होता. आणि आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार होते. अजिंठा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मराठवाड्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी आपल्या मराठी पत्रांवर हीच तिकिटे लावली. १ एप्रिल १९५० पासून तेथे भारतीय तिकिटे चालू झाली आणि ही मालिका इतिहासजमा झाली.

या तिकिटामागे जतनाची एक मोठी कथा आहे. वऱ्हाडातून भिलाईला आलेल्या कुटुंबांना तर ती आपल्या घरची वाटावी, कारण अजिंठ्याच्या वैभवाच्या दुसऱ्या पर्वाचा आश्रयदाता वाकाटक राजा हरिषेण हा वत्सगुल्मचा, म्हणजे आजच्या वाशीमचा. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात त्याचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. पुढे शतकानुशतके ही लेणी रानात विस्मृतीत राहिली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव कोरले. रक्षणाचा आरंभ असा ओरखड्यानेच झाला.

त्यानंतर नकला करण्याचे पर्व आले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे खपून मोठमोठ्या तैलचित्रांत अजिंठा उतरवला. त्यातील बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. मग मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात हंगामामागून हंगाम तेथे राबले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनच्याच एका आगीत भस्म झाल्या. मूळ चित्रे मात्र भिंतीवरच होती, आणि या प्रेमाचा भार सोसत होती. रंग उजळ दिसावेत, नक्कल सोपी व्हावी, म्हणून नक्कलकारांनी त्यांवर वार्निश फिरवले होते.

हैदराबाद राज्याने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या पुढाकाराने १९२० ते १९२२ च्या हिवाळ्यांत लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ अजिंठ्यास आले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी कडा भरून जागच्या जागी धरून ठेवला. त्यांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. ते आले नसते तर आज दिसणारी कित्येक चित्रे जमिनीवर मातीच्या ढिगात पडली असती. पण चित्रांच्या संरक्षणासाठी म्हणून त्यांनी वरून लाखेचे पारदर्शक आवरणही दिले. काही दशकांत ते पिवळे पडले, त्यावर धूळ-धूर बसला, आणि ज्या निळ्या रंगासाठी अफगाणिस्तानातून लाजवर्द आणला गेला होता तो तपकिरी छायेखाली गेला. १९५३ मध्ये अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्यापासून त्या खात्याचे रसायनशास्त्रज्ञ ही लाख तसू तसू भागावरून, कापसाच्या बोळ्याने, अतिशय सावधपणे उतरवत आले आहेत. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. मातीच्या, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या गिलाव्यावर ती सुक्या रंगाने काढलेली आहेत. जोरात पुसले तर घाणीबरोबर चित्रही निघून येते.

गुरुजींनी त्या आठ आण्यांच्या तिकिटाखाली लिहिले आहे : 'दार छापले. आत काम चालू आहे.'

दुसरे पान स्वतंत्र भारताचे. १५ ऑगस्ट १९४९ रोजी, स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्धापनदिनी, आपल्या टपाल खात्याने सोळा मूल्यांची नित्य तिकिटांची मालिका काढली. ती छापली गेली आपल्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात. नव्या राष्ट्राने तिकिटांवर कोणा राज्यकर्त्याचा मुखवटा न छापता आपल्या प्राचीन कलेची रांग उभी केली : तीन पैवर अजिंठ्याच्या चित्रफलकातील हत्ती, सहा पैवर कोणार्कचा घोडा, नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती, दोन आण्यांवर नटराज, तीन आण्यांवर सांचीचे पूर्वद्वार, साडेतीन आण्यांवर बोधगयेचे मंदिर, आणि वरच्या मूल्यांवर अमृतसरचे सुवर्णमंदिर, ताजमहाल, पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, इस्लामी अशा साऱ्या परंपरा एका मालिकेत बसल्या, आणि फाळणीच्या जखमा ओल्या असतानाच्या त्या काळात या निवडीला स्वतःचा अर्थ होता.

ही स्मारक तिकिटे नव्हेत, हे गुरुजींना अर्थातच माहीत होते. तरीही त्यांनी ती घेतली, कारण या चिमुकल्या चित्रांत जतनाच्या वेगवेगळ्या रीती शेजारी शेजारी उभ्या आहेत. बोधगयेचे जे मंदिर तिकिटावर दिसते ते बऱ्याच अंशी १८८० च्या दशकातील पुनर्बांधणीचे आहे. ब्रह्मदेशाच्या राजाने पाठवलेल्या मंडळींनी तेथे दुरुस्ती आरंभली होती. नंतर अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली जे. डी. बेग्लर यांनी काम केले आणि तेथे सापडलेल्या मंदिराच्या एका लहानशा दगडी प्रतिकृतीच्या आधारे कोपऱ्यांवरील शिखरे नव्याने उभारली. सांचीच्या चार तोरणांपैकी दक्षिण व पश्चिम तोरणे कोसळली होती, ती १८८२-८३ च्या सुमारास मेजर कोल यांनी पुन्हा उभी केली. तिकिटावरचे पूर्वद्वार मात्र कधी पडलेच नाही. कोणार्कची रीत आणखी निराळी. तेथील जगमोहन कोसळेल या भीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा अंतर्भाग वाळूने भरून दारे चिणून टाकली. वास्तू वाचली, पण तिच्या गाभ्यात जाण्याची वाट बंद झाली. पुन्हा बांधणे, पडलेले उभे करणे, बंद करून राखणे, आणि जे उभे आहे त्याला हात न लावणे, या चारही गोष्टींना आपण सरसकट 'जीर्णोद्धार' म्हणतो.

या मालिकेतली एक गंमत मुलांना फार आवडते. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती, पण पहिल्या छपाईत तिची डावी-उजवी बाजू उलटली. चूक ध्यानात आल्यावर १९५० मध्ये मूर्ती सुलट करून तिकीट पुन्हा काढण्यात आले. गुरुजींनी दोन्ही तिकिटे शेजारी शेजारी लावली आहेत. दुरुस्ती झाली म्हणून त्यांनी चूक फेकून दिली नाही.

तिसरे पान १९६१ चे, आणि ते खास भिलाईचे आहे असे मी म्हणेन. त्या वर्षी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला शंभर वर्षे पूर्ण झाली. डिसेंबरात दोन स्मारक तिकिटे निघाली : पंधरा नव्या पैशांच्या तिकिटावर यक्ष आणि नव्वद पैशांच्या तिकिटावर कालीबंगनची मुद्रा. भारतात स्मारके जपणाऱ्या खात्याचाच हा गौरव होता. पण त्याच पानावर सोव्हिएत संघाचे चार कोपेकचे एक तिकीट आहे, तेही १९६१ चेच. मध्ययुगीन रशियाचा महान चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्ह याच्या षट्शताब्दीचे.

हे तिकीट येथे कसे आले, हे आजच्या पालकांना सांगितले पाहिजे. २ फेब्रुवारी १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत सहकार्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून, तसेच देशाच्या कानाकोपऱ्यातून, माणसे आली आणि त्यांच्या शेजारी रशियन तंत्रज्ञांची कुटुंबे राहू लागली. भाषा येत नसली तरी तिकिटांची देवघेव होऊ शकते. गांधीजींचे तिकीट द्यावे, त्यांनी अंतराळवीराचे द्यावे. गुरुजींना एका रशियन गृहस्थांनी गॅगारिनऐवजी रुब्ल्योव्ह दिला, हे ते आयुष्यभर अभिमानाने सांगत.

रुब्ल्योव्हचे 'त्रिमूर्ती' हे पवित्र चित्र शतकानुशतके पूजेत होते. मेणबत्त्यांचा धूर, काळवंडलेले तेल, नंतरच्या हातांनी चढवलेले रंगांचे थर आणि वरून धातूचे मढवलेले आच्छादन यांखाली मूळ चित्र दिसेनासे झाले होते. १९०४ मध्ये ते आच्छादन काढून पहिली सफाई झाली, आणि क्रांतीनंतर १९१८-१९ मध्ये पुन्हा. आतून जे निळे, सोनेरी, कोवळे हिरवे रंग प्रकटले त्यांनी जगाचे डोळे दिपवले. भक्तांनी त्या चित्राचा अनादर केला नव्हता. उलट भक्तीनेच ते झाकले गेले होते. आपल्याकडच्या शेंदराखाली गेलेल्या मूर्ती आठवाव्यात. आणि निरीश्वरवादी म्हणवणाऱ्या राज्याने देवाच्या चित्रकाराचे तिकीट काढावे, हाही इतिहासाचा एक हसरा क्षणच.

पुढची पाने परदेशांची आहेत. नाईल नदीवरील आस्वान धरणामुळे न्युबियातील प्राचीन मंदिरे बुडणार होती. ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला मदतीची हाक दिली. पुढे अनेक देशांनी या मोहिमेची तिकिटे काढली. शेजारच्या पाकिस्ताननेही १९६४ मध्ये काढली. अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात मोठमोठ्या शिळांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर नेऊन पुन्हा जोडण्यात आली. तिकिटे येथे केवळ गौरवासाठी नव्हती. लोकमत जागे करणे आणि निधी उभा करणे हे त्यांचे काम होते. इंडोनेशियाने १९६८ मध्ये बोरोबुदूर स्तूपाच्या रक्षणासाठी अधिभार असलेली तिकिटे काढली, म्हणजे पत्र धाडणारा प्रत्येक जण टपालखर्चाबरोबर त्या स्तूपासाठीही चार पैसे देत होता. युनेस्कोच्या साहाय्याने ते काम पूर्ण होऊन २३ फेब्रुवारी १९८३ रोजी बोरोबुदूर पुन्हा खुले झाले, आणि त्याचेही तिकीट निघाले. पहिल्या तिकिटात याचना आहे आणि शेवटच्यात कृतज्ञता. दोन्हींमध्ये पंधरा वर्षांचे श्रम.

सगळ्यांत वाद गाजला तो व्हॅटिकनमधील सिस्टिन प्रार्थनागृहाचा. मायकेलअँजेलोच्या भित्तिचित्रांची सफाई १९८० मध्ये सुरू झाली आणि १९९४ मध्ये संपली. व्हॅटिकनने १९९१ आणि १९९४ मध्ये या कामाच्या गौरवार्थ तिकिटे काढली. काळसर गंभीर चित्रांऐवजी एकाएकी झळझळीत रंग दिसू लागले, तेव्हा काही जाणकार हरखले, तर काहींनी विचारले की जे घाण म्हणून पुसले गेले त्यात चित्रकाराने सुकल्यानंतर स्वहस्ते दिलेल्या छटाही होत्या की काय? मळ कोणता आणि मूळ कोणते, हा प्रश्न सोपा नाही. त्याचे उत्तर चुकले तर चूक दुरुस्त करता येत नाही.

आणि एक पान बामियानचे. अफगाणिस्तानातील त्या उत्तुंग बुद्धमूर्तींच्या दुरुस्तीसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी १९६९ ते १९७७ या काळात तेथे जाऊन काम केले होते. मार्च २००१ मध्ये त्या मूर्ती सुरुंगांनी उडवण्यात आल्या. गुरुजी तेव्हा निवृत्त होऊन गावी राहत होते. त्यांनी पत्र पाठवून मला त्या पानावर तारीख लिहायला सांगितली. अफगाण तिकिटांवर बुद्ध आजही उभा आहे. आपल्या लोकांनी भरलेल्या त्या भेगा मात्र आता डोंगराच्या रिकाम्या कोनाड्यातही दिसणार नाहीत.

आता माझ्या कबुलीचे पान.

मी १९९५ मध्ये या शाळेत रुजू झाले. पुढच्या वर्षी, २५ ऑगस्ट १९९६ रोजी, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे दोन रुपयांचे स्मारक तिकीट निघाले. काशी विश्वेश्वरापासून वेरूळच्या घृष्णेश्वरापर्यंत किती देवळे त्या माउलीने पुन्हा उभी केली! 'जीर्णोद्धार' या शब्दाला मराठी मनात जे तेज आहे ते तिच्यामुळे. गुरुजींनी रायपूरहून प्रथम दिवस आवरण मागवले आणि ते कोणत्याही डिंकाविना, चार कोपऱ्यांत कागदी खाचा करून संग्रहात बसवले.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९९७ मध्ये शाळेत प्रदर्शन भरवायचे ठरले. गुरुजी भाचीच्या लग्नासाठी आठवडाभर गावी गेले होते. संग्रह मांडण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. काही आवरणांवरील तिकिटांचे कोपरे सुटू लागले होते, पाकिटे खाचांतून निसटत होती. मुलांचे हात लागून काही हरवू नये, या काळजीने मी पारदर्शक चिकटपट्टी आणली आणि एकूण अकरा आवरणांवर, तिकीट व शिक्का झाकेल अशी, नीट सरळ लावली. अहिल्याबाईंवरही. काम इतके स्वच्छ झाले होते की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

गुरुजी परतले. एकेक पान त्यांनी उलटून पाहिले. रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि एवढेच म्हणाले, "बाई, तिकीट गळून पडले असते तर पुन्हा लावता आले असते."

त्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी अर्धाच कळला. जतनशास्त्राचा पायाच त्यात होता, हे पुढे वाचनातून समजले. आज जे कराल ते उद्याच्या अधिक जाणत्या माणसाला काढून टाकता आले पाहिजे. अजिंठ्यावर लाख लावणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्या काळातले उत्तम जाणकार होते. त्यांच्या मनात प्रेम होते, माझ्याही मनात होते. पण प्रेम घाईत असले की ते उद्याचा विचार करत नाही.

आता ती पट्टी मधासारखी पिवळी झाली आहे. तिच्या कडांशी धूळ चिकटली आहे, आणि अहिल्याबाईंच्या तिकिटावर तिची पिवळी छाया पडली आहे. महोत्सवाच्या समितीतील उत्साही तरुण सदस्यांनी सुचवले की पट्टी काढून टाकू, प्रदर्शनात ती बरी दिसत नाही. मी नको म्हटले. ती ओढली तर शिक्क्याची शाई सोबत निघेल. ज्याला हे काम खरोखर येते त्याच्या हाती जाईपर्यंत ती आहे तशीच राहील. प्रदर्शनात त्या पानाखाली माझ्या हस्ताक्षरातील चिठ्ठी असेल : 'ही चूक माझी, १९९७.'

संग्रहाची उरलेली पाने त्यानंतर शाळेने भरली. त्यातले मला सर्वांत प्रिय पान २६ सप्टेंबर २०१० चे, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाल्याचे. मराठी माणसाला त्या मंदिराचे विशेष अगत्य असावे, कारण त्याच्या आवारातील भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला मराठी भाषेतला भला मोठा शिलालेख आहे. दूर तमिळ देशात, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, आमची भाषा दगडावर नांदते आहे. त्याच मंदिराच्या गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या मार्गात १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना नायक काळातील चित्रांच्या थराखाली चोळ काळातील मूळ चित्रे आढळली. खालचे पाहायचे तर वरचे खरवडायचे काय? पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिसरा मार्ग काढला. वरचा नायककालीन थर अलगद सोडवून घेऊन तो वेगळ्या फलकांवर बसवला. चोळही राहिले, नायकही राहिले.

हे पान पाहताना मला नेहमी माझ्या वर्गातील वह्या आठवतात. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी लाल शाईने किती शब्द पुसले! मूल 'काहून' लिहायचे, मी 'का' करायची. 'मी खेळून राहिलो' यावर रेघ मारायची. हिंदीतून आलेला, छत्तीसगढीतून आलेला एखादा लाघवी शब्द दिसला की त्याला मळ समजून घासून काढायची. प्रमाण मराठी शिकवणे हे माझे कर्तव्यच होते आणि आहे. परीक्षेत आणि ग्रंथांत ती लागतेच. पण वऱ्हाडातून आजीने आणलेली आणि भिलाईच्या सेक्टरांत वाढलेली ती बोली म्हणजे घाण नव्हती. तो मूळ चित्राचाच एक थर होता. आज मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायला सांगते. नाशिकच्या उलट्या आणि सुलट बोधिसत्त्वासारखे. मराठी माध्यमाकडे येणारी मुले दरवर्षी कमी होत असताना, येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडची मराठी किती मोलाची आहे, हे मला गुरुजींच्या संग्रहाने शिकवले.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना या निमित्ताने एक विनंती आहे. तुमच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, गावाकडून आलेली जुनी पत्रे, पाकिटे, पोस्टकार्डे असतील. रशियन शेजाऱ्यांनी दिलेली तिकिटे असतील. शाळेच्या संग्रहासाठी ती द्यावीत. पण कृपा करून तिकीट कापू नये, पाण्यात भिजवून सोडवू नये, इस्त्री करू नये, प्लास्टिकमध्ये बंद करू नये, आणि चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. आहे तसे, मळासकट, कोरड्या कागदात गुंडाळून आणावे. मजकूर खासगी असेल तर पाकीट तेवढे द्यावे. मुलांना हा छंद लावायचा असेल तर टपाल खात्यात फिलाटेली ठेव खाते किमान २०० रुपयांत उघडता येते, आणि सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'दीनदयाळ स्पर्श' ही वार्षिक ६००० रुपयांची शिष्यवृत्तीही २०१७ पासून आहे.

संग्रहाचे शेवटचे पान अजून कोरे आहे. गेल्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांना आम्ही महानदीकाठी सिरपूरला नेले. तेथील विटांचे लक्ष्मण मंदिर आणि डॉ. मो. गं. दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने १९५३ ते १९५६ च्या उत्खननात उजेडात आणलेले बौद्ध विहार पाहून परतल्यावर मुलांना प्रत्येकी एक तिकीट काढायला सांगितले. बहुतेकांनी मंदिर पूर्ण, कळसासकट, नवेकोरे रंगवले. एका मुलीने मात्र शिखराचा माथा जसा तुटलेला आहे तसाच ठेवला. मी विचारले, "वरचा भाग काढायचा राहिला का गं?"

ती म्हणाली, "नाही बाई. तो तिथे नाहीच आहे."

ते चित्र त्या कोऱ्या पानावर बसवले आहे. चार कोपऱ्यांत चार कागदी खाचा करून, डिंकाविना.